हिवाळी कॅम्पिंगमध्ये ट्रेलरचं पाणी गोठू नये म्हणून: आधी काय, नंतर काय

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. बहुतेक वेळा तो ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरून, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावरून असतो. फिनिक्सहून चार तासांत ट्रेलर ओढत वर गेलेले असतात, घरून निघताना अंगात टी-शर्ट. सकाळी नळ उघडला तर पाणी नाही. "अरे, पण हीटर तर रात्रभर चालू होता!" हे वाक्य ठरलेलं.

साउथ रिम सुमारे ७,००० फूट उंचीवर आहे. जानेवारीत तिथलं रात्रीचं सरासरी किमान तापमान १८ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं, म्हणजे उणे ८ सेल्सियस. आपण वाढलो ते वेण्णा लेकवर दव गोठलं की पेपरात फोटो येतो अशा मुलखात, त्यामुळे गोठणारा नळ ही गोष्ट आपल्या हिशेबातच नसते. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. दोन ते पाच रात्रींच्या मुक्कामासाठी, साध्या ओढायच्या ट्रेलरसाठी.

एक गोष्ट आधी समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ट्रेलरमध्ये माणसं राहतात ती जागा आणि पाणी राहतं ती जागा वेगळी असते. पाणी असतं ट्रेलरच्या फरशीखालच्या पोकळीत (यालाच मी पुढे ट्रेलरचं पोट म्हणतो), पलंगाखालच्या खणात, बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात. तुम्ही सोफ्यावर उबेत बसलात म्हणून पंपाला ऊब मिळत नाही.

१. पाणी कोणत्या पद्धतीने वापरणार ते घरीच ठरवा

तीन पद्धती आहेत. कॅम्पग्राउंडवर पोहोचून थंडीत कुडकुडत ठरवलंत तर चुकीची निवडाल.

पहिली: पाइप कोरडेच ठेवायचे. पिण्याचं पाणी पाच-सात गॅलनच्या कॅनमधून आत ठेवायचं, भांडी परातीत धुवायची, आंघोळ कॅम्पग्राउंडच्या स्नानगृहात. ऐकायला गरिबीचं वाटतं, पण १० अंश फॅरनहाइटच्या (उणे १२ सेल्सियस) खाली जाणार असेल आणि ट्रेलरचं पोट उघडं असेल तर मी हीच पद्धत वापरतो.

दुसरी: ट्रेलरची स्वतःची टाकी भरायची, होज (कॅम्पग्राउंडच्या नळापासून ट्रेलरपर्यंतची लवचीक नळी) काढून ठेवायचा आणि पंपावर पाणी वापरायचं. बाहेर उघड्यावर पाण्याचा थेंब नाही. चार-पाच रात्रींसाठी माझी शिफारस हीच. रात्री पंप बंद करून नळ क्षणभर उघडला की पाइपमधला दाब उतरतो, हा तिचा मोठा फायदा.

तिसरी: विजेने तापणारा होज लावून कॅम्पग्राउंडच्या नळाशी कायम जोडलेलं राहायचं. लांब मुक्कामाला बरी, पण यात बिघडण्याच्या जागा सर्वांत जास्त. साउथ रिमवर नळ-वीज-सांडपाण्याची जोडणी ट्रेलर व्हिलेजमध्ये मिळते. मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये ती नाही. इतरत्र अनेक ठिकाणी हिवाळ्यात नळच बंद करतात, तेव्हा आरक्षण करतानाच "या तारखांना पाणी चालू असेल का?" हे विचारून घ्या.

किती थंडीला किती तयारी? माझा अंदाज असा: रात्री २८ अंशांच्या (उणे २ सेल्सियस) वर राहणार असेल आणि दिवसा ऊन असेल तर होज काढणं आणि फर्नेस (ट्रेलरचा गॅसवर चालणारा, पंख्याने गरम हवा सोडणारा हीटर) चालू ठेवणं पुरतं. २५ च्या खाली पुढची सगळी तयारी करायची. वारा असेल तर एक पायरी कडक धरा. वाऱ्याने पाणी हवेपेक्षा जास्त थंड होत नाही, पण ट्रेलरच्या पोटातली ऊब भराभर निघून जाते.

२. निघण्याच्या आठवडाभर आधी: ट्रेलरखाली एक दुपार

ही दुपार लोक टाळतात आणि सगळ्या चुका इथूनच सुरू होतात. जुनी चादर अंथरा, टॉर्च घ्या, आडवे व्हा आणि पाण्याची वाट पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहा. होज जिथे जोडतो त्या तोंडापासून टाकी, पंप, गिझर, मग प्रत्येक नळ.

कागदावर टिपा:

– पंप कुठे आहे? बहुधा पलंगाखाली किंवा जेवणाच्या बाकाखाली, बाहेरच्या भिंतीला खेटून. तिथे गरम हवा पोहोचते का?
– पाणी काढून टाकायची दोन तोंडं (गरम आणि थंड पाइपची) पोटाखाली लोंबत असतात. ट्रेलरमधली सर्वांत उघडी जागा हीच.
– बाहेरचा शॉवर. पातळ प्लास्टिकच्या दारामागे दोन तोट्या, त्यांत कायम पाणी. बहुतेकांना हा शॉवर आहे हेच आठवत नाही.
– पाण्याचा फिल्टर, टॉयलेटमागचा व्हॉल्व्ह, वॉशिंग मशीनसाठी सोडलेली जोडणी.
– पोटाखालचा पत्रा किंवा प्लास्टिकचा पडदा कुठे फाटला आहे का, वायर आणि पाइप बाहेर येतात तिथे फटी आहेत का?

फटी फोमने बुजवा. लोंबणाऱ्या तोंडांवर फोमच्या नळ्या चढवा. बाहेरच्या शॉवरला आतून बंद करायचा व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करून शॉवर रिकामा करा. नसेल तर त्या दाराच्या पोकळीत आतल्या बाजूने फोमची गादी कापून बसवा.

पोट बंदिस्त असेल तर फर्नेसची एखादी नळी तिथे हवा सोडते का, तेही पाहा. "फोर सीझन" असा स्टिकर लावलेला असला तरी पाहा. त्या शब्दाचं सर्वांना लागू असं एकच मोजमाप नाही, प्रत्येक कारखानदार आपल्या सोयीने तो लावतो.

इथे चुकतं: फोम ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब टिकवतो. जिथे ऊब पोहोचतच नाही त्या पाइपवर कितीही फोम गुंडाळला तरी दोन-चार तास पदरात पडतात, रात्र नाही. अशा जागी विजेची हीट टेप लागते. ती घेताना स्वतःहून तापमान सांभाळणारी, प्लास्टिक पाइपवर चालेल असं लिहिलेली घ्या. साधी, एकसारखी तापणारी टेप स्वतःवरच आडवी आली तर त्या जागी जळते. आगीचं हे नेहमीचं कारण आहे.

तपासा: पंपाच्या खणात आणि पोटाच्या पोकळीत वायरलेस थर्मामीटरचे सेन्सर ठेवा. आत बसून दोन्ही आकडे दिसले पाहिजेत. या एका वस्तूने माझ्या अर्ध्या रात्रींची झोप वाचवली आहे.

३. सामान

तापणारा होज लागणार असेल तर पिण्याच्या पाण्यासाठी मान्य असलेला घ्या आणि शक्य तितका आखूड. बारा फूट पुरत असेल तर पंचवीस फुटी कशाला? हेअर ड्रायर. जुने टॉवेल. हेडलॅम्प. फोमच्या नळ्या आणि टेप. गुलाबी आर.व्ही. अँटिफ्रीझचे (ट्रेलरच्या पाइपांसाठीचं, गोठण्यापासून वाचवणारं द्रव) दोन गॅलन. प्रोपेनचे दोन सिलिंडर, दोन्ही भरलेले. पाण्याचे दोन कॅन, पाइप गोठलेच तर चहा तरी व्हावा म्हणून.

सावधान: अँटिफ्रीझ म्हणजे गुलाबी, प्रोपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते पाण्याच्या कुठल्याही वाटेत जाता कामा नये. आणि बाटलीवरचा "उणे ५०" हा आकडा पाइप फुटू न देण्याचा आहे. ते द्रव त्याच्या बरंच आधी बर्फाच्या गोळ्यासारखं दाट होतं. पाणी मिसळलं की तेवढंही उरत नाही.

गॅसचा हिशेब एकदा मांडून पाहा. २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) असतात. फर्नेस ताशी ३०,००० बीटीयूचा असेल तर सलग चालला की चौदा तासांत सिलिंडर संपतो. प्रत्यक्षात तो थांबत-थांबत चालतो, पण कडाक्याच्या रात्री निम्मा वेळ तरी चालतोच. म्हणजे एक सिलिंडर दीड दिवसाचाही नाही. "मागच्या एप्रिलमध्ये एकच सिलिंडर आठवडाभर पुरला होता" हा अनुभव इथे कामाचा नाही.

वीज जोडणी नसेल तर बॅटरीचंही बघा. फर्नेसचा पंखा सात अँपिअरच्या आसपास ओढतो. हिवाळ्याची चौदा तासांची रात्र, निम्मा वेळ पंखा चालू, म्हणजे जवळपास पन्नास अँपिअर-तास. साध्या लेड-ॲसिडच्या शंभराच्या बॅटरीतून वापरायचे तेवढेच. पहाटे चारला, सर्वांत थंड वेळी, पंखा मंदावतो आणि फर्नेस पेटेनासा होतो.

४. पोहोचल्यावर: सूर्य मावळायच्या आत

क्रम बदलू नका.

पहिलं काम फर्नेस. ट्रेलर समतल केला, गॅस उघडला की लगेच चालू करा, उजेड असतानाच. प्रवासात पोट गार झालेलं असतं, ते तापायला दोन-तीन तास लागतात. अंधार पडल्यावर लावलात तर आधीच गोठायला लागलेल्या पाइपांच्या मागे धावणं होतं.

मग गिझर. तो भरलेला आहे याची खात्री गरम पाण्याचा नळ उघडून करा, सलग धार आली की मगच वीज किंवा गॅस. रिकाम्या गिझरचं विजेचं एलिमेंट काही सेकंदांत जळतं.

मग टाकी पूर्ण भरा. भरलेली टाकी अर्ध्या टाकीपेक्षा हळू गार होते. टाकीखाली तापवायचे पॅड असतील तर आता चालू करा, टाकी रिकामी असताना नाही.

शेवटी होज काढून, दोन्ही टोकं उंचावून पाणी निथळवून, आत ठेवा. साधा होज "सकाळी काढू" म्हणून तसाच सोडला की सकाळी तो काठीसारखा ताठ मिळतो.

५. नळाशी जोडलेलं राहायचं असेल तर

कॅम्पग्राउंडवरचे उभे, वर दांडा असलेले नळ बहुधा न गोठणारे हायड्रंट असतात. त्यांचा व्हॉल्व्ह जमिनीखाली, गोठण्याच्या पातळीच्या खाली असतो. दांडा बंद केला की उभ्या पाइपमधलं पाणी खालच्या भोकातून जमिनीत निथळतं. यावरून दोन नियम:

दांडा एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. अर्धवट ठेवलात तर खालच्या भोकातून पाणी जमिनीत मुरत राहतं.

आणि दांडा बंद करायचा असेल तर होज काढा. जोडलेल्या होजमुळे, त्यातही मध्ये दुसरी तोटी किंवा दोन फाट्यांची जोडणी असेल तर, वरून हवा शिरत नाही, पाणी निथळत नाही आणि तुम्ही "बंद" केलेला हायड्रंट गोठतो. तो दुरुस्त करायचा म्हणजे जमीन खणायची, आणि बिल कुणाला येईल हे सांगायला नको.

तापणारा होज लावलात तर दांडा पूर्ण उघडा राहणार, म्हणजे उभ्या पाइपमध्ये पाणी कायम असणार. होजचं थर्मोस्टॅट असलेलं टोक कोणत्या बाजूला जोडायचं ते त्याच्या कागदावर पाहा, हायड्रंटच्या उघड्या भागावर हीट टेप आणि फोम गुंडाळा. ट्रेलरच्या बाजूचं तोंडही विसरू नका. होज गरम आणि भिंतीतली चार इंची जोडणी गोठलेली, असं हमखास होतं.

तपासा: होज आणि टेप ज्या सॉकेटवर आहेत तो जीएफसीआय (गळती जाणवली की वीज तोडणारा सुरक्षा-सॉकेट) असतो आणि ओल्या बर्फाने तो ट्रिप होतो. होज लगेच गोठत नाही, म्हणून कळतही नाही. झोपण्याआधी आणि रात्री उठलात तर होजचा दिवा पाहा.

६. रात्र

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या हिवाळ्यात गॅस वाचावा आणि फर्नेसची घरघर नको म्हणून मी १,५०० वॉटचा विजेचा हीटर लावला. आत ७० अंश फॅरनहाइट, मुलं चादर ढकलून झोपलेली. फर्नेसला वाटलं, घर गरम आहे, तो रात्रभर एकदाही पेटला नाही. पोटात जाणारी गरम हवा त्याच्याच नळीतून जायची. सकाळी पाणी नाही. दुपारी उन्हाने बर्फ वितळला तेव्हा पलंगाखाली फिल्टरची वाटी तडकलेली आणि गादीच्या कोपऱ्यातून पाणी.

दुपारी का? कारण फुटतं रात्री, दिसतं वितळल्यावर. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि बर्फ व बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो. हल्लीचे पेक्सचे (लवचीक प्लास्टिकचे) पाइप थोडे ताणतात आणि वाचतात. तुटतात ते जोड, पंपाचं डोकं, फिल्टरची वाटी, टॉयलेटचा व्हॉल्व्ह. म्हणजे जिथे गोठलं तिथेच फुटेल असं नाही.

तर रात्रीसाठी:

फर्नेस हा मुख्य, विजेचा हीटर मदतनीस. हीटर वापरायचाच तर मंद ठेवा, फर्नेस दर थोड्या वेळाने पेटताना ऐकू आला पाहिजे. फर्नेसचं तापमान रात्री कमी करू नका. घरची सवय इथे सोडा.

बेसिन आणि ओट्याखालची कपाटं उघडी, पंपाच्या खणाचं झाकण वर. गरम हवेच्या जाळीवर चपला-बॅगा नकोत.

पंप बंद, मग एक नळ क्षणभर उघडून दाब सोडा. रात्री टॉयलेटसाठी शेजारी तांब्या भरून ठेवा.

नळाची धार बारीक सोडून ठेवायची का? घरात लोक करतात. ट्रेलरमध्ये सांडपाण्याची टाकी बंद असेल तर पहाटेपर्यंत ती भरून शॉवरच्या जाळीतून वर येते. उघडी असेल तर थेंब-थेंब पाणी बाहेरच्या पाइपमध्ये गोठून बूच बसतं. म्हणून नाही.

विजेचा भार मोजा. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॉट. हीटर १,५००, गिझरचं एलिमेंट १,४०० च्या आसपास, त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की अंधार. गिझर गॅसवर ठेवणं सोपं.

सावधान: गॅसची शेगडी ऊब घ्यायला पेटवायची नाही, कोळशाची शेगडी किंवा ग्रिल तर आत आणायचंच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्मचं बटण दाबून तो वाजतो हे रोज पाहा. फर्नेसच्या धुराचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना, हे बाहेर जाऊन पाहा. आणि छताची एक झडप बोटभर उघडी असू द्या, श्वासाचं दव सकाळी खिडक्यांवरून ओघळतं.

७. सांडपाणी

थोडक्यात. दोन्ही टाक्यांचे (एक टॉयलेटची, एक बेसिन-शॉवरची) व्हॉल्व्ह बंद ठेवा, दोन-तृतीयांश भरल्या की दुपारी, ऊन असताना रिकाम्या करा आणि पाइप काढून ठेवा. रिकामी केल्यावर प्रत्येक टाकीत लीटर-दोन लीटर गुलाबी अँटिफ्रीझ ओता, ते व्हॉल्व्हच्या तोंडाशी जाऊन बसतं. गोठलेला व्हॉल्व्ह जोर लावून ओढू नका, दांडी हातात येते. हेअर ड्रायर घ्या आणि धीर धरा.

८. गोठलंच तर

पंप बंद. होज असेल तर हायड्रंटही बंद. सगळे नळ उघडा आणि कोणता गरम-थंड चालतो, कोणता नाही, ते पाहा. एकच नळ बंद असेल तर बर्फ त्याच्याच फाट्यात आहे. सगळेच बंद असतील तर पंपाजवळ किंवा टाकीच्या तोंडाशी.

फर्नेस वाढवा, कपाटं उघडा. हेअर ड्रायर नळाच्या बाजूने सुरू करून मागे सरकवत न्या, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट असते. पेटती ज्योत किंवा हीट गन वापरू नका, प्लास्टिक वाकतं आणि पोटातला फोम पेटतो.

धार आली की लगेच आनंद नको. सगळे नळ बंद करून पंप चालू करा, आणि ऐका. दाब भरला की पंप थांबला पाहिजे. नळ बंद असताना तो मधूनमधून टकटक करत असेल तर कुठेतरी गळतंय. टॉवेल आणि टॉर्च घेऊन वर दिलेल्या यादीतली प्रत्येक जागा हाताने चाचपा.

९. परतताना

रस्त्यावर बहुतेक जण फर्नेस आणि गॅस बंद ठेवतात, आणि तसंच करावं. पण मग ताशी ६० मैलांचा गार वारा थेट ट्रेलरच्या पोटाला लागतो. रात्रभर नीट सांभाळलेलं पाणी वाटेतल्या फ्लॅगस्टाफला पोहोचेपर्यंत गोठू शकतं. म्हणून निघण्याआधी टाकी रिकामी करा, खालची दोन्ही तोंडं उघडा, सगळे नळ उघडा, बाहेरचा शॉवरही. पंप काही सेकंद कोरडा चालवून त्यातलं पाणी बाहेर काढा, टॉयलेटचं पेडल दाबा, प्रत्येक बेसिनच्या आणि शॉवरच्या खालच्या वळणात कपभर गुलाबी अँटिफ्रीझ ओता.

गिझर आधी बंद करून गार होऊ द्या, दाब सोडा आणि मगच त्याचा बूच काढा. गरम असताना काढलात तर उकळतं पाणी अंगावर येतं.

फिनिक्सला घरी पोहोचल्यावर खालची तोंडं बंद करून टाकी अर्धी भरा, पंप चालू करा आणि दहा मिनिटं ट्रेलरमध्ये शांत बसून तो पुन्हा वाजतो का ते ऐका.